लोकमान्य नव्हे, हे दुसरे टिळक : बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही

गोष्ट जानेवारी २०२० ची. उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. आपल्या लातूरपासून हाकेच्या अंतरावर. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या खुर्चीवर बसलेले पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू.

संमेलन पार पडलं, पण त्याच्या आधीचे तीन-चार महिने चांगलेच तापले होते. दिब्रिटोंचं नाव जाहीर झाल्याबरोबर काही संघटनांनी विरोध केला, साहित्य महामंडळाला धमक्यांचे फोन आले. फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता. ख्रिस्ती पाद्र्याचा आणि मराठी साहित्याचा संबंध काय?

गंमत अशी की हा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी शाळेत एका ख्रिस्ती पाद्र्याचीच कविता पाठ केलेली असणार. ‘केवढे हे क्रौर्य!’ शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षीण, कशीबशी घरट्यापर्यंत पोचते, पिल्लांना शेवटचा घास देते. आईच्या पिढीला विचारा, अजून पाठ असेल. कवीच्या नावाआधी ‘रे.’ लिहिलेलं असायचं आणि ते कशासाठी आहे हे बहुतेक वर्गांत कुणी विचारत नसे. रे. म्हणजे रेव्हरंड. रेव्हरंड नारायण वामन टिळक.

आडनाव वाचून लोकमान्य आठवले तर चूक नाही. दोघंही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, दोघंही चित्पावन ब्राह्मण, वयात पाच वर्षांचं अंतर. पण लोकमान्यांचे पुतळे चौकाचौकात आहेत आणि या टिळकांची ओळख सांगायला एक लेख लिहावा लागतो.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, दापोलीजवळच्या करजगावचा. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने जमदग्नी. आई जानकीबाई हळवी, गाणी-ओव्यांची आवड असलेली. मुलात कविता आली ती आईकडून आणि राग आला तो वडिलांकडून, असं त्यांचं पुढचं आयुष्य बघितलं की वाटतं. आई लवकर गेली. वडिलांशी पटेना. पोरगं घर सोडून नाशिकला आलं आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकायला लागलं. इंग्रजी शाळेतही दोनेक वर्षं काढली, पण धाकट्या भावंडांचा भार अंगावर पडला आणि शिक्षण तिथंच थांबलं.

तेवढ्या शिकवणीवर माणूस संस्कृतचा पंडित झाला. पण एका जागी टिकणं त्याच्या रक्तातच नव्हतं. कुठं मास्तरकी केली, कुठं पुराण सांगितलं, कुठं छापखान्यात खिळे जुळवले. हातात पैसे आले की संध्याकाळपर्यंत कुणाला तरी देऊन मोकळा. एखाद्या गावी मन लागलं नाही की निघाला, घरी सांगायचं राहून जायचं.

घरी सांगायचं म्हणजे कुणाला? तर बायकोला. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली गेली. नवरी अकरा-बारा वर्षांची. सासरी नाव ठेवलं लक्ष्मी. ही मुलगी ज्या घरातून आली त्या घराबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढं काय घडलं त्याचं वजन कळणार नाही. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत तिच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिली होती. त्या धक्क्यानंतर तिच्या वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आणलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. कुणाचा स्पर्श नको, कुणाची सावली नको. मुलंबाळं या शिस्तीत वाढली.

अशा घरातल्या मुलीचा नवरा एक दिवस ख्रिस्ती झाला. पण आधी ते कसं झालं ते पाहू.

१८९१ मध्ये टिळक नागपूरला होते. तिथले धनिक आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचं काम मिळालं होतं. ‘ऋषी’ नावाचं मासिकही काढलं. धर्मावर चर्चा, वाद, शंकासमाधान असा त्याचा थाट. वरून सगळं शास्त्रोक्त दिसत होतं, आतून मात्र टिळकांचं जुन्या धर्माशी जमेनासं झालं होतं. जात त्यांना पटत नव्हती. एकच देव, सगळी माणसं सारखी, बुद्धीला पटेल तेवढंच शास्त्र, असा आपला स्वतःचाच एक नवा धर्म काढावा असंही त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

१८९३ मध्ये नागपूरची नोकरी सुटली आणि दुसऱ्या कामासाठी ते रेल्वेने राजनांदगावला निघाले. डब्यात एक गोरा माणूस बसला होता. त्याने सरकून जागा दिली. तो गोरा अर्नेस्ट वॉर्ड नावाचा अमेरिकन मिशनरी निघाला. तरुण पंडिताशी तो संस्कृत कवितेबद्दल आपुलकीने बोलला, मग धर्मावर आला आणि उतरायच्या आधी त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भविष्यही सांगून टाकलं. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं.

पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं. सुरुवात कंटाळवाणी वाटली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले आणि थांबले. येशूचं डोंगरावरचं प्रवचन तिथं सुरू होतं. शत्रूवर प्रेम करा, दीनांचं राज्य येणार आहे, हे सगळं. ज्या नव्या धर्माचा आराखडा आपण मनात काढत होतो तो इथं आधीच लिहिलेला आहे, असं त्यांना वाटलं. मग दोन वर्षं घालमेल. मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार, तोही गुपचूप. घरात कळलं तर काय होईल याची पुरती कल्पना होती.

काय होईल, याचा एक नमुना सांगतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी गेली. समोर चहा आणि बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. बातमी छापून आली आणि पुणं पेटलं. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि खुद्द लोकमान्य टिळक नि न्यायमूर्ती रानडे यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीतून जावं लागलं. एका कप चहासाठी! त्याला पाच वर्षं होत नाहीत तोच दुसऱ्या टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या. पदरात चार वर्षांचा दत्तू. आधीची बाळं हाताशी लागली नव्हती. नवरा जिवंत, पण समाजाच्या हिशेबी मेलेला. कुंकू लावायचं तर कुणाच्या नावाचं, असे टोमणे ऐकण्याचे दिवस. त्या जीव देतील या भीतीने घरचे त्यांच्यावर पाळत ठेवून असायचे. थोरली बहीण भिकूताई आणि मेहुणे यांनी आधार दिला, पंढरपूरला नेलं. चंद्रभागेच्या काठी, वारकऱ्यांच्या गर्दीत या बाईने नवऱ्याच्या विरहाचे दिवस काढले आणि त्याच दुःखात त्या कविता करायला लागल्या. शाळा त्यांनी पाहिली नव्हती. लिहा-वाचायला जे आलं ते टिळकांनी, रागावत, मधेच सोडून देत, पुन्हा सुरू करत शिकवलं होतं तेवढंच.

टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. बायकोवर धर्म बदलण्याची जबरदस्तीही केली नाही. पत्रं पाठवत राहिले, भेटायला येत राहिले, भांडत राहिले. साधारण साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, त्यांच्याकडे गेल्या. पण ब्राह्मण म्हणूनच. वेगळी चूल, वेगळं पाणी. एका संसारात दोन धर्म, आणि मध्ये सोवळ्याची रेघ. ही रेघ कुणी पुसली नाही, त्यांनी स्वतःच पुसली. एक दिवस त्या जातीचा विचार करत बसल्या. माणूस देवाने घडवला तर त्यात उच्चनीच कुणी घातलं? डोक्यात एकदा हे लख्ख झालं आणि ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही असं लहानपणापासून शिकवलं होतं, त्यांच्या हातचं पाणी त्या प्यायल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

इथं मला टिळकांचा थोडा रागही येतो. तत्त्वासाठी घर सोडणारा पुरुष मोठा ठरतो आणि त्याची किंमत घरातली बाई चुकवते, हे त्या काळात नवीन नव्हतं. टिळकांनी त्या पाच वर्षांत बायकोला जे भोगायला लावलं ते त्यांच्या कवितेने फिटत नाही. पण हेही खरं की याच माणसाने बायकोला लिहायला शिकवलं, आणि त्या लिहिण्यातून पुढं जे आलं त्याने नवऱ्यालाही सोडलं नाही. त्यावर येतोच.

नगरला टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षण विद्यालयात शिकवत. १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. राहुरीतही बरीच वर्षं काढली. १९०० च्या आसपास दुष्काळ आणि प्लेग यांनी मुलुख पोखरला होता. टिळकांच्या घरात अनाथ पोरांची रांग लागली. टिळक रस्त्यावरून पोर उचलून आणायचे आणि त्याच्या पोटात काय घालायचं हे लक्ष्मीबाईंनी बघायचं, अशी साधी कामाची वाटणी होती.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळच्या मराठी चर्चमध्ये गाणं काय होतं? बरंचसं इंग्रजी चालीवरचं. परदेशी सुरांत मराठी शब्द कोंबलेले. खेड्यातून आलेला भाविक, ज्याचे आजोबा एकतारीवर भजन म्हणायचे, तो बाकावर बसून ते निमूटपणे म्हणायचा. याच मराठवाड्यात, जालन्याजवळ, रे. नारायण शेषाद्रींनी टिळकांच्या कितीतरी आधी बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं होतं. निजामाच्या मुलखातली आणि नगरकडची असली माणसं मुख्यतः महार-मांग समाजातून आलेली. त्यांच्या कानात अभंग होता, ओवी होती, डफ होता. चर्चच्या दारात ते सगळं काढून ठेवायचं होतं.

टिळकांना हे मान्य नव्हतं. येशू त्यांना भेटला, पण तो तुकारामांच्या पुलावरून चालत गेल्यावर भेटला, असं ते सांगत. ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा यांचा त्यांनी कधी धिक्कार केला नाही. उलट त्यांचीच भाषा उचलली. ओवी, अभंग, आरती, पद, सगळे साचे आणले आणि त्यांत ख्रिस्त बसवला. येशूला त्यांनी गुरू म्हटलं, सखा म्हटलं आणि विठाईच्या थाटात माउलीही म्हटलं. नर्सीच्या नामदेवांनी देवाशी जशी सलगी केली तशीच सलगी. हातात झांजा घेऊन ख्रिस्ती कीर्तनही उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पद, सगळं रीतसर. ऐकायला हिंदूही बसायचे.

आजही मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात टिळकांच्या रचनांचा मोठा हिस्सा आहे. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या चर्चमध्ये नाताळला पेटी-तबल्यावर मराठी भजन ऐकायला मिळालं तर कवीचं नाव बघा, टिळक निघण्याची शक्यता बरीच.

पण ते नुसते चर्चचे कवी नव्हते. केशवसुतांनी मराठी कवितेला नवं वळण दिलं, त्या वळणावर उभे असलेल्या पहिल्या काही लोकांत टिळक आहेत. ‘वनवासी फूल’ सारखी दीर्घ कविता, बायकोवरच्या, मुलांवरच्या, फुलांवरच्या कविता. त्यामुळेच त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. देवादिकांवर आणि राजेरजवाड्यांवर काव्य करायच्या परंपरेत अंगणातलं पोर आणि कुंपणावरचं फूल कवितेत आणणं, हे तेव्हा साधं नव्हतं. देशप्रेमाच्याही कविता त्यांनी लिहिल्या. ख्रिस्ती झाला म्हणजे साहेबाचा झाला, हे लोकांचं गृहीतक त्यांना सहन व्हायचं नाही.

या घराचं अजून एक देणं आहे. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने तिथं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. श्रावणातलं ऊन-पाऊस मराठीत कायमचं टिपून ठेवणारे तेच बालकवी. पुढं हा मुलगा नगरला टिळकांच्या घरी राहिला. तो हिंदूच राहिला, कुणी त्याला बदलायला गेलं नाही. लक्ष्मीबाई त्याचं आईसारखं करायच्या, तो त्यांच्याशी मुलासारखा हट्ट करायचा. मिशनच्या शाळेत त्याला नोकरीही मिळाली. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं हे मिशनचं पत्र. ज्या मिशनच्या पत्रात लिहायचं त्याच मिशनवर टीका करायची, हे त्यांनी बिनदिक्कत केलं. हिंदी ख्रिस्ती माणसाला तुम्ही किती दिवस लेकरू समजणार, पगार देणारे मायबाप तुम्ही आणि हात पसरणारे आम्ही, हे किती दिवस चालणार, असा त्यांचा सूर होता. परदेशी पैशावर उभं राहिलेलं चर्च या मातीत रुजणार नाही, हे त्यांचं ठाम मत झालं.

आणि मग त्यांनी ते करूनच दाखवलं. सप्टेंबर १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा निरोप घेतला. वय पंचावन्न, अंगाला रोग जडलेले, घरात शिल्लक जवळपास शून्य. आपण ख्रिस्ती संन्यासी झालो असं जाहीर केलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणीही यावं. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. जात विचारायची नाही, पंथ विचारायचा नाही, कुठल्या मिशनचा ते विचारायचं नाही. बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताचा शिष्य होता येतं, हे ऐकून कित्येक मिशनरी अस्वस्थ झाले. हिंदूंना हा धर्मांतराचा नवा डाव वाटला. म्हणजे १८९५ मध्ये जे एका बाजूने झालं ते आता दोन्ही बाजूंनी.

दरबाराला दोन वर्षंही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ ला मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये टिळक गेले. ख्रिस्ती माणसाला पुरतात, पण त्यांनी आपल्या देहाला अग्नी द्यावा असं सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. रक्षा नगरला नेली.

ते गेल्यावर लक्ष्मीबाईंचं काय झालं, हा भाग खरं तर वेगळ्या लेखाचा. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रनचं काम केलं, हालअपेष्टा काढल्या, आणि मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने आठवणी लिहायला बसल्या. टिळकांचं चरित्र लिहायचं म्हणून सुरू झालेलं हे काम. त्यातून निघालं ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ चा. मराठीतल्या पहिल्या पाच आत्मचरित्रांत कुणीही हे पुस्तक घालेल. त्यात टिळक देवमाणूस म्हणून येत नाहीत. बाजारात भाजी आणायला जाऊन भलतंच काही घेऊन येणारे, पायात आलेला राग डोक्यात जाणारे, दुसऱ्याचं पोर घरी आणून स्वतःचं विसरणारे, बायकोवर ओरडून मग तिच्याशिवाय चैन न पडणारे असे येतात. आणि बाई हे सगळं हसत सांगते. एवढं सोसलेल्या माणसाला इतकं हसता येतं, याचं वाचताना राहून राहून नवल वाटतं. विजया मेहतांनी त्यावर केलेल्या चित्रपटात सुहास जोशींनी लक्ष्मीबाई उभ्या केल्या आहेत, मिळाला तर जरूर बघा.

एक काम मात्र टिळकांचं अर्धवट राहिलं होतं. तुलसीदासांचं जसं रामायण, तसं येशूच्या जीवनावर मराठीत महाकाव्य लिहायचं, नाव ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि लेखणी थांबली ती थांबलीच. तीनशे वर्षांपूर्वी गोव्यात फादर स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत लिहिलं होतं, त्याच वाटेवरचं हे काम. ते हातात घेतलं ते लक्ष्मीबाईंनी. कधीकाळी नवऱ्याच्या बाप्तिस्म्याची बातमी ऐकून कोसळलेल्या, पंढरपुरात देवळासमोर रडलेल्या बाईने नवऱ्याच्या काव्याला एकामागून एक असे ६४ अध्याय जोडले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ मध्ये.